शेंदराखालचं नाव

चौलच्या पुढं, सुरूच्या बनाला लागून गावाचा वीरस्तंभ आहे. जर्मन लढाईपासून गावातून जे गेले आणि परतले नाहीत, त्यांची नावं त्या काळ्या दगडावर कोरलेली. वरच्या अकरा ओळी कुणालाही वाचता येतात. बारावीवर शेंदराचा बोटभर जाड थर आहे.

तो थर नीराबाईंच्या हातचा. एकाहत्तरच्या लढाईत नवरा नौदलात होता. बोट बुडाली, देह काही सापडला नाही. दोन वर्षांनी गावानं नाव कोरलं, तेव्हा नीराबाई एकोणीस वर्षांच्या होत्या. दुसऱ्या सकाळी न्हाऊन, तेलात शेंदूर कालवून त्या गेल्या आणि ती ओळ झाकून आल्या. मेलेल्यांच्या यादीत ज्याचं नाव दिसत नाही, तो मेला कसा? मग एकही दिवस खंड पडला नाही. कपाळीचं कुंकू तसंच राहिलं, हातचा चुडाही. जुनी माणसं समजून गप्प बसली. नव्या सुनांना ते कुठलंसं दैवत वाटलं. त्या नारळ ठेवू लागल्या.

यंदा त्यांच्या जावेच्या, केसरच्या नातवानं एक खेळ काढला. मितेश मुंबईला असतो. फोनवर कोडं टाकायचं, कुठंतरी डबी लपवायची. ज्याला सापडेल त्यानं आतल्या वहीत नाव लिहून ती परत ठेवायची. शेवटची खूण अशी होती की दगडावर जितकी नावं, तितक्या वेळा दहा-दहा पावलं समुद्राकडं जा. गावात चार माणसं येतील, त्या नावांवर नजर फिरवतील, एवढाच त्याचा हेतू. पण नावं त्यानं ग्रामपंचायतीच्या कागदावरून मोजली होती, दगडावरून नाही.

माणसं आली. एकशेदहा पावलं चालून, सुरूच्या मुळाशी वाळू उकरून, रिकाम्या हातानं गेली. केसर सुकट वाळवता वाळवता म्हणायची की दगड मोजायला पेट्रोल जाळून येतात, शहाण्यांचं डोकंच निराळं.

पुण्याची रुचिका मात्र हटली नाही. उकरून दमली तशी स्तंभाच्या पायरीवर बसली आणि तिनं मितेशला फोन लावला. नीराबाई तिथंच वाटीत शेंदूर कालवत होत्या. मितेशचा आवाज त्यांना स्वच्छ ऐकू आला. नावं बारा आहेत, शेवटचं आमच्या थोरल्या आजोबांचं, असं तो सांगत होता.

रुचिकानं शेंदराकडं पाहिलं, मग नीराबाईंच्या हाताकडं.

"आजी, याखाली नाव आहे का?"

"देव हाय," नीराबाई म्हणाल्या.

पोरगी गुणाची. तिनं पुढं काही विचारलं नाही, चप्पल काढली आणि वाकून बोटं टेकवली. दसऱ्यानंतरच्या उन्हानं थराला भेगा गेल्या होत्या. अख्खी खपली सुटून तिच्या ओंजळीत आली. तिनं ती घाईघाईनं परत दगडाला लावून पाहिली.

सुकट तशीच टाकून केसर धावत आली. "तुजा दोष न्हाय गं. देवानं कवच सोडलं."

सुटलेलं कवच परत चढवत नाहीत, समुद्रात सोडतात. मारुतीच्या देवळात हा नेम नीराबाईंनीच कितीजणींना शिकवला होता. आता हुज्जत घालायची कुणाशी? वाटीतला शेंदूर तसाच ठेवून त्या उठल्या. खपली हातात घेतली तर आतल्या अंगावर उलटी अक्षरं उठलेली. मग दगडाकडं बोट करून म्हणाल्या, "वाच, काय लिवलंय. मी कधी वाचून घेतलं न्हाय."

"भिकू शिवदास घरत. नौदल. वय बावीस."

"चोवीस," नीराबाई म्हणाल्या. "दोन वरसं खाल्ली मेल्यांनी."

ओहोटी लागली होती. त्या गुडघाभर पाण्यात गेल्या, खपली छातीशी धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. काठावर रुचिका रडत होती. डबीचं तिला भानही नव्हतं. शेवटी नीराबाईंनी हात पाण्याखाली नेले. वर आणले तेव्हा ते लाल होते आणि रिकामे होते.

त्या बाहेर आल्यावर केसरनं त्यांचं मनगट हातात घेतलं. पुढं काय करायचं ते दोघींनाही ठाऊक होतं. केसरचा अंगठा बांगडीवर थांबला.

नीराबाईंनी हात हळूच सोडवून घेतला.

"आज मंगळवार हाय, चुडा उतरवत न्हाईत," त्या म्हणाल्या. "उद्या."