अकरा गोण्यांवरची दुर्बीण

मनोजने दुर्बीण घेतली ती मुळी सगळ्यात मोठी. हातभर लांब, पुढे वाटीएवढी काच आणि अंगावर फिरवायच्या तीन चकत्या. दापोड्याच्या गोदामात तांदळावरचे उंदीर मारायचे होते, चंद्रावरचे डाग मोजायचे नव्हते; पण हे त्याला सांगणार कोण? आमच्याकडे हळदीचा डीजेसुद्धा पंचक्रोशीत सगळ्यात मोठा लागतो, तिथे गोदामाच्या सुपरवायझरने एअरगनवर किडूकमिडूक काच लावायची म्हणजे नाकच कापायचं की.

तर त्या दुर्बिणीने मनोजने आठवडाभरात एक ट्यूबलाइट फोडली आणि तांदळाच्या दोन गोण्यांना छर्‍याने भोकं पाडली. उंदीर एकही नाही. उंदीर समोर असायचा, मनोज डोळा लावायचा आणि काचेत नुसतं करडं धुकं. त्या धुक्यात चुकून काही दिसलंच, तर तो उंदराचा कान आहे की गोणीची सुतळी हे कळेपर्यंत उंदीर जेवून हात धुऊन गेलेला असायचा.

हसण्यासारखंच होतं सगळं, पण मनोजला हसू येत नव्हतं. शुक्रवारी तांदळाच्या कंपनीची तपासणी होती. एक जरी ताजी कुरतडलेली गोणी सापडली, तरी कंपनी सगळा माल उचलून दुसर्‍या गोदामात नेणार होती. तसं पत्रच आलं होतं. माल गेला की अठरा हमाल घरी, फाटक्या गोण्या शिवणार्‍या बायजाबाई घरी आणि बारा वर्षं नोकरी केलेला मनोजही घरी. श्रावणापासून उंदरांनी नुसता उच्छाद मांडला होता. आधी हे गोदाम इतकं बरं होतं आणि अचानक काय झालं, हे त्याला कळत नव्हतं. शेवटी नाइलाजाने त्याने गुरुवारी औषधवाल्याला बोलावून ठेवलं होतं. खाण्याच्या मालात विष टाकायचं त्याच्या मनाला पटत नव्हतं. उंदीर थप्पीच्या पोटात जाऊन मरतो आणि महिनाभर वास मारतो. पण बंदूक चालेना, तर दुसरं करणार काय?

बुधवारी सकाळी तो बंदूक गोणपाटात गुंडाळून नारपोलीला सावळाराममामांकडे गेला. हे मामा जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकांचा फळा लावतात. गणेशपुरी, वज्रेश्वरी, कुठलीही जत्रा सोडत नाहीत. उरलेलं वर्षभर पॉवरलूमच्या खडखडाटात एका गाळ्याच्या पायरीवर बसून एअरगनच्या स्प्रिंगा दुरुस्त करतात. मनोजने लहानपणी त्यांच्या फळ्यावरचे फुगे फोडले होते, म्हणजे फोडायचा प्रयत्न केला होता.

मामांनी दुर्बीण हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि विचारलं, "रॉकेट पाडायचंय का रं?"

"मामा, उंदीर आहेत."

"किती लांबून मारतोस?"

दुर्बीण घेताना त्याने रंग पाहिला, वजन पाहिलं, डब्यावरचं चित्र पाहिलं. किती लांबून मारायचंय, हे काही त्याने पाहिलं नव्हतं.

मामांनी समोरच्या भिंतीवर खडूने रुपयाएवढा गोल काढला आणि म्हणाले, "शोध." मनोजने डोळा लावला. धुकं. बंदूक डावीकडे नेली, धुकं. उजवीकडे नेली, तर भिंतीवरचा पानाचा डाग ताटाएवढा होऊन समोर आला. गोल काही सापडेना. मागे दोन लूमवाली पोरं 'अरे भाई, इधर इधर' करत मजा बघत होती.

"ही काच शंभर पावलांवरचं बघायला केलीय," मामा म्हणाले. "दहा पावलांवरचं तिला दिसतच न्हाय. आन जितकं मोठं दाखवती, तितकं थोडं दाखवती. उंदराची एक मिशी दिसंल, पर उंदीर कुठं हाय त्ये दिसायचं न्हाय."

त्यांनी पत्र्याच्या पेटीतून एक छोटी, काळी, कोपर्‍यावर रंग उडालेली दुर्बीण काढली. दुप्पट दाखवते, फार तर चौपट, त्याच्यावर नाही. पण अगदी जवळची वस्तू स्वच्छ दिसेल अशी तिची काच लावता येते, आणि स्प्रिंगच्या बंदुकीचा पुढेमागे दोन्हीकडे बसणारा झटका ती सोसते. मामांनी ती चढवली आणि बंदूक मनोजच्या खांद्याला दिली.

मनोजने डोळा लावला आणि गोल तिथेच होता. नुसता गोल नाही, भिंत होती, भिंतीवर चढणारी मुंगी होती, शेजारच्या खिडकीतली तुळशीची कुंडी होती. सगळं एका वेळी, आणि बाहेरच्यापेक्षाही उजेड जास्त. दुसरा डोळा मिटायचं तो विसरूनच गेला.

"अंधारात बी हिच्यात उजेड जादा शिरतो," मामा म्हणाले. "आता एक ध्यानात ठेव. दुर्बीण नळीच्या दोन बोटं वर बसलेली असती. जवळचं मारताना छर्रा खालीच लागणार. म्हणून जितक्या लांबून मारायचं तितक्याच लांबून ती लावून घ्यायची. किती लांबून मारायचं, ते मोजून घे आदी. मोठी माझ्याकडं राहू दे, जत्रेत पोरांना चंद्र दाखवीन."

अंतर मोजायचं म्हणजे टेप हवी. गोदामातली टेप गेल्या दिवाळीपासून बेपत्ता होती. दुपारी मनोज ती शोधत इकडेतिकडे फिरत असताना बायजाबाईंनी दाभणातून सुतळी ओढत विचारलं, "काय हरवलं, मनोजभाऊ?"

बायजाबाई साठीच्या. मधल्या थप्पीला पाठ लावून बसायच्या आणि दिवसभर शिवायच्या. दाभणाचं नाकं त्यांना पहिल्या झटक्यात सापडायचं. लांबचं मात्र पुसट. शटरमध्ये कोण उभं आहे ते त्या आवाजावरून ओळखायच्या.

"मावशी, या गल्लीच्या तोंडापासून पलीकडच्या थप्पीपर्यंत किती अंतर असेल?"

"अकरा गोण्या," बायजाबाई म्हणाल्या. मानसुद्धा वर केली नाही. "गोणी तीन फुटाची. आडव्या लावल्या तर अकरा, वीतभर उरती."

मनोजने गोण्या आडव्या लावून मोजलं. अकरा बसल्या आणि वीतभर उरली. बारा वर्षं तो त्या गल्लीतून ये-जा करत होता. या बाईने बसल्या जागेवरून जे सांगितलं ते त्याला कधी सुचलं नव्हतं, याची त्याला लाज वाटली आणि नवलही.

मग त्याने अकरा गोण्यांवर फळी उभी केली, फळीवर बिस्किटाच्या पुड्याचा कागद चिकटवला आणि दुर्बीण लावून घेतली. पहिला छर्रा खाली, दुसरा जरा वर, आणि सातव्यापासून सगळे एकाच भोकातून जाऊ लागले. हमाल चहा सोडून बघायला आले. मनोजचा ऊर असा भरून आला की विचारू नका.

संध्याकाळी सहाला शटर पडलं, हमाल गेले. बायजाबाई शेवटची गोणी संपवायची म्हणून मागे थांबल्या. कोपर्‍यातल्या जुन्या वजनकाट्याच्या केबिनकडे तसंही कोणी जात नसे. केबिनच्या छपरावरून फुस्स-फुस्स आवाज येतो, तिथे नाग आहे, असं हमालांमध्ये पक्कं झालं होतं. मनोजने गल्लीच्या तोंडाशी गोणीवर बैठक मांडली. पलीकडच्या थप्पीमागे फळी होती, छर्रा गेला तरी लाकडातच जाणार होता. पत्र्यातून येणारा उजेड उतरत होता, पण दुर्बिणीत अजून सगळं लख्ख होतं.

आणि उंदीर आला. थप्पीच्या कडेवरून आला, थांबला, मागच्या पायांवर बसला. मनोजने आयुष्यात उंदीर असा पाहिला नव्हता. पुढचे दोन्ही पंजे माणसाच्या हातांसारखे. त्यात तांदळाचा एक दाणा, आणि तो दाणा फिरवून फिरवून बघत होता, बाजारात बाई भेंडी मोडून बघते तसा. मिशांवर पीठ होतं. श्वासाबरोबर पोट हलत होतं. इतके दिवस ज्याच्या नावाने बोटं मोडली, तो हा एवढासा जीव. मनोजला क्षणभर वाईट वाटलं, मग शुक्रवार आठवला. त्याने काचेतल्या फुलीचा मध्य कानामागे आणला आणि चापावर बोट ठेवलं.

त्याच वेळी काचेच्या गोलात, अगदी वरच्या कडेला, एक चेहरा दिसला.

पांढरा. बदामासारखा आकार, मधोमध दोन काळे डोळे. छपराखालच्या कैचीच्या लोखंडावर, उंदराच्या बरोब्बर मागे नि हातभर वर. डोळे उंदरावर, पापणी हलत नव्हती. छर्रा जरा वर गेला असता, तर तो त्या चेहर्‍यातच बसला असता. मोठ्या दुर्बिणीत त्याला फक्त उंदराचा कान दिसला असता आणि त्याने चाप ओढलाही असता. त्याने चापावरचं बोट काढून घेतलं.

पांढरं काहीतरी सुटलं. पंख उघडले ते दिसलं, पण आवाज नाही. पंखांचा नाही, हवेचा नाही, काहीच नाही. डोळ्यांनी दिसतंय आणि कानांना पत्ता नाही, असं मनोजने कधी अनुभवलं नव्हतं. थप्पीवर उंदीर नव्हता. तो दाणा तेवढा पडला होता. पांढरे पंख गोदामभर एक वळसा घालून केबिनच्या छपरावर उतरले आणि तिथला नाग चार तोंडांनी फुस्सफुस्स करायला लागला.

मनोजने बंदूक मांडीवर आडवी ठेवली.

"बघितलंत?" मागून बायजाबाईंचा आवाज आला.

"मावशी, घुबड आहे."

"हाय. मला ठावं हाय."

मग त्यांनी दाभण गोणीत टोचून ठेवलं आणि सगळं सांगितलं. घुबडाची जोडी इथे कैक वर्षं होती. श्रावणात आधीच्या तपासणीच्या भीतीने मनोजने वरच्या सगळ्या झरोक्यांना जाळी मारून घेतली, आणि ती जोडी बाहेरच राहिली. त्याच महिन्यापासून उंदीर वाढले. नवरात्रात बायजाबाई शिडीवर चढल्या आणि दाभणाने जाळीचा एक कोपरा उसवून ठेवला. जोडी परत आली आणि केबिनच्या छपरावर पिल्लं झाली. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन त्या केबिनखाली घुबडांनी ओकलेल्या केसाहाडांच्या काळ्या गोळ्या झाडून टाकत होत्या. नाग आहे ही हूलही त्यांचीच.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुमी हाकलून दिलं असतं. घुबड म्हणलं की माणसं दगड शोधत्यात."

हे खरं होतं. मनोजच्या गावात म्हणायचे, घुबडाला दगड मारू नये. ते दगड घेऊन घासत बसतं, आणि दगड झिजेल तसा माणूस झिजतो. तरी पोरं मारायचीच. त्यानेही मारला होता.

"आमच्या शेतात एका साली उंदराला औषध टाकलं," बायजाबाई म्हणाल्या. "उंदीर मेलं. तिसर्‍या दिशी बांधावर घुबड पडलं व्हतं, पंख पसरून. उद्या तुमचा औषधवाला येणार म्हणून आज मला घास गेला न्हाय."

पिल्लांसाठी जोडीची शिकार वाढली तशा गेल्या आठवडाभरात कुरतडलेल्या गोण्या कमी झाल्या होत्या. बंदुकीच्या धाकाने उंदीर बिचकले, असं मनोज हमालांना छाती काढून सांगत होता. एकही उंदीर न मारता. आता ते आठवून त्याचे कान तापले. त्याने तिथेच फोन काढला आणि औषधवाल्याला येऊ नका म्हणून सांगितलं. बारा वर्षांची नोकरी त्याने एका पाखरावर लावली होती.

शुक्रवारी तपासणीला रंजिता नावाच्या मॅडम आल्या. बारीक नजर, हातात टॉर्च, कमी बोलणं. दोन तास त्यांनी एकेक थप्पी पाहिली. छर्‍याची भोकं शिवलेल्या गोण्यांवर बोट फिरवलं आणि पुढे गेल्या. ताजी कुरतडलेली गोणी सापडली नाही. मनोजने श्वास सोडला, आणि तेवढ्यात टॉर्च वर गेला.

"ती जाळी उसवलेली आहे. पक्षी येतात आत?"

बायजाबाईंची सुतळी थांबली. झरोका मनोजच्या ताब्यातला. 'कालच फाटली, आज बसवतो' एवढंच म्हटलं असतं तरी भागलं असतं. मनोजने बंदुकीवरून काढून ठेवलेली छोटी दुर्बीण खिशातून काढून मॅडमपुढे धरली.

"केबिनच्या छपरावर बघा, मॅडम. मग काय लिहायचं ते लिहा."

मॅडमनी डोळा लावला. टॉर्च कधी बंद केला ते त्यांनाही कळलं नसावं.

"चार पिल्लं आहेत," त्या हळूच म्हणाल्या. मग वही उघडून त्यांनी एक दोष लिहिलाच: जाळी उसवलेली. त्याखाली लिहिलं, केबिनशेजारची थप्पी हलवून तिथे ताडपत्री टाकावी. पिल्लं उडाल्यावर जाळी बसवावी, आणि बाहेरच्या भिंतीला घुबडासाठी पेटी लावावी. माल इथेच राहील. सही केली आणि दुर्बीण परत देताना क्षणभर हातातच ठेवली.

मॅडमची गाडी गेली. हमाल एकमेकांच्या पाठीवर थापा मारत चहाला निघाले. मनोज दुर्बीण घेऊन बायजाबाईंसमोर जाऊन बसला.

"मावशी, आता तुम्ही बघा."

"मला काय दिसतंय लांबचं? मला आवाज कळतो त्यांचा, तेवढा पुरं."

"म्हणजे तुम्ही त्यांना बघितलंच नाहीत?"

"पांढरं काय तरी हलतं, तेवढं."

दोन महिने त्यांची घाण झाडली, शिडी चढली, खोटं बोलली, नोकरी पणाला लावली, आणि ज्यांच्यासाठी हे केलं ते या बाईने कधी पाहिलेच नव्हते. मनोजने बायजाबाईंना केबिनच्या समोर नेलं, दुर्बीण त्यांच्या डोळ्याशी धरली आणि डोळ्याकडची चकती हळूहळू फिरवू लागला.

"धूर हाय."

"थांबा."

"अजून धूर... आता हाललं काय तरी... थांबा, थांबा. फिरवू नगा."

चकती थांबली. बायजाबाईंच्या हाताने दुर्बीण मनोजच्या हातासकट घट्ट धरली. वर चार पांढरे चेहरे खाली वाकून त्यांच्याकडेच बघत होते. बायजाबाईंनी दुसर्‍या हाताने डोक्यावरचा पदर पुढे ओढून नीट केला, घरी पाहुणे आल्यावर करतात तसा.

"बया," त्या म्हणाल्या, "मला तर वळखत्यात."