ओरडला तर आधी पट्टी बघा

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. खुशाल जुना म्हणा. खोटारडा म्हणालात तर मात्र ऐकून घेणार नाही!

हृदयाच्या ऑपरेशनसाठी छातीचं हाड कापावं लागतं. कधीकधी त्या जखमेत खोलवर जंतू शिरतात, पू होतो. मग डॉक्टर जखम उघडून साफ करतात, आत स्पंज बसवतात आणि वर पारदर्शक पट्टी चिकटवतात. त्या पट्टीला माझी नळी जोडतात. मी आतली घाण सतत ओढून घेतो आणि जखम भरत येते. पट्टीतून हवा शिरली की माझी ओढ संपते. मग मी टीं टीं करून वॉर्ड डोक्यावर घेतो. एके काळी याच ओरडण्याचं केवढं कौतुक होतं! पुढे गोड आवाजाचे नवे पंप आले आणि 'हा उगाच ओरडतो' म्हणून माझ्या पाठीवर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी चिकटली.

एकदा नवे पंप कमी पडले. झक मारत मला कपाटातून काढलं आणि पंक्चरचं दुकान चालवणाऱ्या एका काकांना जोडलं. त्यांची जखम दोनदा साफ करून झाली होती. "आता पुन्हा चिघळली तर जिवावर बेतेल," असं डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, काकूंना, स्पष्ट सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी ओरडलो. सिस्टरने बटण दाबून मला गप्प केलं. मी पुन्हा ओरडलो. पुन्हा बटण!

"काकू, याचं डोकं फिरलंय. लक्ष देऊ नका."

असा संताप आला म्हणून सांगू! गप्प बसायला का मला बनवलं होतं?

काकूंची वीस वर्षं नवऱ्याबरोबर पंक्चरच्या दुकानात गेलेली. त्या म्हणाल्या, "सिस्टर, गिऱ्हाईक म्हणतं ट्यूब चांगली आहे. पण आम्ही गिऱ्हाइकाचं नाही, ट्यूबचं ऐकतो."

"मग शोध की भोक," काका पडल्या पडल्या म्हणाले.

"शोधलं असतं हो, पण तुम्हाला टबात कसं बुडवू?"

काकांना हसू फुटलं. हसण्याने जखमेला हिसका बसू नये म्हणून त्यांनी घाईने उशी छातीशी धरली. तेवढ्यात काकूंनी हात वर केला. "थांबा! हसू नका." उशी बाजूला सारून त्या वाकल्या, पट्टीला कुठेही हात न लावता पट्टीच्या कडेकडेने कान फिरवत गेल्या.

"इथे. काखेकडच्या सुरकुतीत. सूं करतंय."

सिस्टरनेही कान लावला. तिचा चेहरा पडला. "चुकलं माझं, काकू," ती म्हणाली आणि लगेच हातमोजे चढवून तिने तिथे नवी पट्टी चिकटवली. मी आपोआप शांत झालो. बटणाची गरजच पडली नाही!

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी जखम स्वच्छ पाहून शिवली. काका स्वतःच्या पायांनी घरी गेले. त्या दिवशी सिस्टरने माझ्या पाठीवरची चिठ्ठी खरवडून काढली आणि दुसरी लावली: 'ओरडला तर आधी पट्टी बघा.'

मित्रांनो, मला पुसा, चार्ज करा, नळ्या बदला. जुना झालो म्हणून कोपऱ्यात ठेवलंत तरी चालेल. पण माणसाला जोडलेला असताना माझं तोंड दाबू नका. दाबलंत, तर मी पुन्हा ओरडेन!