झाकणाच्या आतले त्रिकोण

मी एक जुने लष्करी मनगटी घड्याळ आहे, मित्रांनो. रंगाने काळे, अंगाने जाड आणि स्वभावाने थोडे चिडके. दागिना म्हणून मला कुणी घडवलेच नाही. कारखान्यात माझ्या पाठीवर सैन्याचा नंबर कोरला गेला आणि मी थेट एका जवानाच्या मनगटावर जाऊन बसले. तो बिनतारी यंत्रावरून संदेश पाठवायचा.

कामगिरीवर निघण्याआधी सगळे जवान गोल करून उभे राहत. चावी बाहेर ओढली की आमचे सेकंदकाटे जागच्या जागी थांबत. मग अधिकारी ‘आता’ म्हणे, सगळे एकदम चावी आत दाबत आणि वीस घड्याळे एका तालात चालू लागत. त्या वेळी माझी छाती फुगायची, खोटे कशाला सांगू!

जवान निवृत्त झाला, पण मला त्याने सोडले नाही. दरवर्षी तो मला एका घड्याळजींकडे नेई. ते मला उघडून, पुसून, तेल देऊन पुन्हा मिटायचे. मिटण्याआधी माझ्या पाठीच्या झाकणावर, आतल्या बाजूला, सुईने त्या दिवसाची तारीख आणि एक छोटा त्रिकोण कोरायचे. पुढे उघडणाऱ्याला कळावे म्हणून त्यांची ती रीत होती. अशा चौदा तारखा जमल्या. बाहेरून मात्र घामाने आणि बाहीने माझा नंबर अर्धा पुसला गेला.

जवान गेला आणि मी नऊ वर्षे खणात पडून राहिले. कुणी साधी चावीही दिली नाही. एकटे राहणे काय असते, ते तेव्हा मला कळले.

मग जुन्या वस्तूंच्या बाजारात दातांच्या एका डॉक्टरांनी मला ओळखले. मित्रांनो, असा माणूस विरळा. त्यांच्याकडे एकतीस लष्करी घड्याळे होती. दवाखान्यात जाण्याआधी ते प्रत्येकाला चावी द्यायचे आणि कोण किती सेकंद मागे पडले ते वहीत लिहायचे. पण त्यांच्यात धंद्याची एक खोड होती. काही झिजलेले दिसले की त्यावर, दातावर बसवतात तशी, नवी टोपी बसवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. संग्राहकांचे प्रदर्शन जवळ आले, तसे त्यांनी माझ्यासाठी दुसऱ्या घड्याळाचे चकचकीत झाकण मिळवले आणि माझे जुने झाकण टाकून द्यायचे ठरवले. त्या झाकणाच्या आत काय आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हते.

ते मला घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका ताईंकडे घेऊन गेले. ताईंनी मला उघडले, डोळ्याला भिंग लावले आणि झाकणाच्या आतल्या तारखा एकेक करून वाचल्या. शेवटची तारीख वाकडी होती, तिचा त्रिकोण थरथरलेला होता.

“डॉक्टर, हा माझ्या बाबांचा हात आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “ही तारीख टाकली, त्याच आठवड्यात ते गेले.”

डॉक्टरांनी नवे झाकण खिशात घातले. मग म्हणाले, “ताई, जुनं झाकण तुम्हीच ठेवा. तुमचा हक्क आहे.”

“नको. बाबांनी ते या घड्याळासाठी कोरलंय. याच्याच पाठीला राहू दे.”

ताईंनी मला निगुतीने पुसले, तेल दिले. मग सुई घेतली आणि बाबांच्या थरथरत्या त्रिकोणाखाली पंधरावी तारीख कोरली. शेजारी त्रिकोण काढला, तसाच छोटा. त्यांचे डोळे भरून आले होते, पण हात जराही हलला नाही.

प्रदर्शनात मी पुसट नंबरानिशी बसले. डॉक्टर येईल त्याला मोठ्या कौतुकाने माझी गोष्ट सांगत होते.

म्हणून एवढेच मागणे आहे, मित्रांनो. जुनी वस्तू हाती आली तर तिला पुसा, तेल द्या, रोज चावी द्या. पण तिला कोरी करकरीत करायला निघण्याआधी एकदा आत डोकावून बघा. तिथे कुणाच्या तरी बाबांचा हात असेल.