हुकाच्या मागची पाळी

"मोलू, झोप लागली का रे खाली?" वरून सोरा ओरडला. "असाच रेंगाळत राहिलास तर माझी गुरं इथंच म्हातारी होतील!"

विहिरीच्या तळाशी गुडघाभर पाण्यात उभा राहून मोलूने बादली बुडवली, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ बुडवून ठेवली आणि डोक्यावरच्या पहिल्या फळीवर उभ्या दिदाच्या हाती दिली. दिदाने ती त्याच्या वरच्याला दिली, त्याने त्याच्या वरच्याला. मग वर मातीच्या हौदात पाणी पडल्याचा आवाज आला. या विहिरींत गाणे करमणुकीसाठी म्हणत नाहीत. तळचा माणूस सूर धरतो, पाणी पिणाऱ्या कळपातल्या गुरांची नावे एकेक करून घेतो, आणि त्या तालावर बादल्या चढतात नि उतरतात. गाणे पळाले की बादल्या पळतात. आज मोलूचे गाणे मुद्दाम पाय ओढत चालले होते.

त्याला कारण दर्मी, त्याची लेक. आज आधी हुकाची पाळी होती, मग दर्मीची, मग सोराची. हुकाचा कळप हौदावरून हलेपर्यंत दर्मी पोचली नाही तर तिची पाळी गेली, आणि पुढची पाळी तीन दिवसांनी. यंदा वर्षाचे दोन्ही पावसाळे हुकले होते. तीन दिवस थांबण्याइतका जीव कुणाच्याच गुरांत उरला नव्हता. जावई उंट घेऊन उत्तरेला गेलेला, त्यामुळे दर्मी एकटीच दूरच्या कुरणावरून कळप हाकत येत होती. खरे तर ती कालच पोचायला हवी होती.

तळातून वरचे काही दिसत नाही. मोलूने कानांत प्राण आणले होते. वाळलेल्या चिखलावरून खुरांचा आवाज आला की तो मान वर करी, आणि ती हुकाच्याच गुरांची पुढची टोळी निघाली की पुन्हा जीव टांगणीला लागे. एकदा तर तो हुकाच्या बैलाचे नाव अर्ध्यातच विसरला.

"अरे, येईल पोरगी," दिदा हळूच म्हणाला. लहानपणापासून दोघे एकाच विहिरीत उतरत आलेले, त्यामुळे सांगायची गरज नव्हती. "पण माझे हात गळायला आलेत. आणि हुका काय म्हणेल? सासू सुनेला तूप वाढते, तसं मोलूनं माझ्या गायींना पाणी वाढलं."

"म्हणू दे."

"तू खाली गारव्यात आहेस. शिव्या वरचे खातायत."

वरून पुन्हा सोराचा आवाज आला. विहिरीवर भांडणाऱ्याची पाळी जाते, म्हणून तो बिचारा नुसत्या टोमण्यांवर भागवत होता. "घोडं पेंड कुठं खातंय, ते तरी सांगा!"

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" दिदाने मान वर करून ठोकून दिले. "झरा आटलाय बाबा! वाटीवाटीनं भरतोय आम्ही."

मित्राला सांभाळून घ्यायला म्हणून तो बोलला, पण वर एकदम कालवा उठला. झरा आटला म्हणजे काय, हे वरच्या प्रत्येकाला ठाऊक होते. मागचे कळपवाले गुरे पुढे ढकलू लागले, गायी हंबरू लागल्या, कुणीतरी कुणाला काठीने अडवले.

"हे काय बोलून बसलास, दिद्या!"

"तुझ्यासाठीच बोललो ना?"

तेवढ्यात फळ्या करकरल्या आणि डोयो खाली उतरला. पाळी लावण्याचे काम त्याच्याकडे होते, आणि सगळे त्याला पाळीचा बापच म्हणत. शेवटच्या फळीवर बसून त्याने खाली वाकून पाहिले. पाणी मोलूच्या गुडघ्याला लागलेले होते, सकाळी होते तेवढेच. डोयोने आधी वर हाक दिली, "पाणी आहे रे! मी बघितलंय. मागं व्हा सगळे!" मग आवाज खाली आणला.

"दर्मीसाठी?"

मोलूने होकाराची मान हलवली.

"माझी पण नात लागते ती. मला काय आनंद होतो का? पण सोराच्या दोन गायी बसल्यात वर. बसलेली गाय यंदा उठत नाही, तुला माहीत आहे."

गायी बसल्याचे मोलूला माहीत नव्हते. आपण चोरतोय तो वेळ कुणाच्या तोंडचे पाणी आहे, याचा विचारच त्याने सकाळपासून केला नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि तरीही मनातून तो लेकीचीच वाट पाहत राहिला.

"हुकाची शेवटची टोळी पितेय," डोयो उठत म्हणाला. "ती हलली की सोराला बोलावणार. गाणं तुझं, मोलू. पाळी माझी."

मोलूने सूर उचलला. खरा, पळता सूर. बादल्या धावू लागल्या, दिदाचे दुखरे हातही धावू लागले, पाणी उसळून मोलूच्या पाठीवर सांडू लागले. प्रत्येक बादलीबरोबर आपण पोरीची पाळी वर देऊन टाकतोय, असे त्याला वाटत होते. हुकाची टोळी निघाल्याचा आवाज आला. मोलूने डोळे मिटले.

"दर्मी आली!" वरून कुणीतरी ओरडले. "आली, आली! उतारावर आहे!"

मोलूला हसू फुटले, आणि डोळ्यांत पाणीही आले. डोयो काही बोलण्याआधीच त्याने लेकीच्या कळपाचे गाणे सुरू केले. लग्नात त्यानेच दिलेली गुरे होती ती. वाकडशिंगीचे नाव घेतले, तिच्या आईचे घेतले, भुरीचे, तांबडीचे, त्या मारकुट्या बैलाचे, जुळ्या कालवडींचे. इतका मोकळा आवाज त्याला कित्येक दिवसांत लागला नव्हता. दिदासुद्धा हसत हसत साथ देऊ लागला. हौद भरला असेल नसेल, एवढ्यात वरून दर्मीचा आवाज आला.

"पुरे, आबा."

"पुरे काय? पाणी आहे भरपूर! पुढची टोळी सोड!"



"पुढची टोळी नाही, आबा. भुरी आहे आणि तिचं वासरू. बाकीची वाटेत राहिली."

दिदा भरलेली बादली हातात धरून तसाच उभा राहिला. ती ना वर जात होती, ना खाली येत होती. मोलू त्या बादलीकडे बघत होता. जी मरून पडली होती, त्यांची नावे तो एवढा वेळ गात होता, आणि लेक वर उभी राहून ऐकत होती. एका गाईला नि एका वासराला तर कुणीही, केव्हाही, पाळीशिवायसुद्धा पाजले असते. सोराने स्वतः पाजले असते.

"सोरा," डोयोचा आवाज आला, "आण तुझी."

सोराची गुरे हौदाकडे उतरल्याचा आवाज आला.

मग दर्मीचे बोलणे ऐकू आले. ती डोयोला विचारत होती, "आजोबा, वरच्या फळीवर जागा आहे? मला आता काम नाही."

बाया सहसा विहिरीत उतरत नाहीत. "उभी राहा," डोयो म्हणाला. "पायाखालचं लाकूड ओलं आहे, सांभाळ."

मोलूने सोराच्या कळपातल्या पहिल्या बैलाचे नाव घेतले. दिदाने हातातली बादली वर दिली. ती हातोहात चढत गेली आणि वरच्या फळीवरून, परक्याच्या बैलाचे नाव घेऊन, दर्मीने आबाच्या सुराला साथ दिली.