डाव्या कोपऱ्यातला भिकाजी

"चढाई करणाऱ्याला लोक डोक्यावर घेतात, सदानंद. कोपऱ्यात उभं राहून पाय धरणाऱ्यासाठी मी खिशात हात का घालू?" प्रशांतसाहेबांनी ओमानमधल्या अल् खुवैरच्या ऑफिसात विचारलं.

सदानंद त्यांच्या कंपनीत सुपरवायझर आणि त्यांच्याच कबड्डी संघाचा कप्तान. भिकाजी त्याचा सख्खा मेहुणा, संघाचा डावा कोपरा. त्याच्या हाती घोटा लागला की भलाभला आडवा व्हायचा. पण भिकाजीची एसी दुरुस्तीची कंपनी बंद पडत होती. अर्बाब, म्हणजे तिथला मालक, नोकरी बदलायच्या एनओसीसाठी पैसे मागत होता, आणि एनओसी नसेल तर गाशा गुंडाळायचा. दोन वर्षं ओमानचं दार बंद. सोहारच्या संघाचा मालक पैसे भरून नोकरी द्यायला तयार होता, पण माणूस त्याला लगेच हवा होता. आणि फायनल सोहारशीच होती.

"साहेब, गेल्या वर्षीचा कप त्याच्या पकडींवर आला," सदानंद म्हणाला.

"म्हणून तर फायनल होईपर्यंत त्याला सोडायचं नाही. मी पैसे भरतोय म्हणून सांग."

"आणि नंतर?"

"नंतरचं नंतर. तुझा व्हिसा पण आता रिन्यूला आलाय ना?"

सदानंद उठून बाहेर पडला. संध्याकाळी दार्सैतला घरी आला तर भिकाजी बहिणीच्या, ललिताच्या, हातचं सांबारं ओरपत होता. सदानंदने त्याच्याकडे न बघता सांगून टाकलं, "साहेब भरतायत. सोहारला नाही म्हणून कळव." ललिताने तिथल्या तिथे देवापुढे साखर ठेवली. भिकाजीने जेवता जेवताच फोन लावला आणि सोहारला नकार दिला.

फायनलला शेवटच्या चढाईत सदानंदच्या संघाकडे एका गुणाची आघाडी होती. सोहारचा चढाईपटू बोनस घेऊन वळला आणि भिकाजीने झेपावून त्याचा घोटा धरला. चढाईपटूने त्याला मधल्या रेषेच्या वीतभर अलीकडेपर्यंत फरफटत नेलं, भिकाजीची कोपरं सोलून निघाली, पण हात काही सुटला नाही. कप प्रशांतसाहेबांनी उचलला.

दुसऱ्या दिवशी भिकाजी इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसात आला.

"पैसे? कसले पैसे?" साहेब म्हणाले. "तुला कोणी सांगितलं?"

भिकाजीने सदानंदकडे पाहिलं. सदानंदच्या एका शब्दाने सगळं फिरलं असतं, आणि त्या शब्दाबरोबर त्याची स्वतःची नोकरीही गेली असती.

"साहेब बघतील, एवढंच म्हणालो होतो मी," तो म्हणाला. "भरतील असं कुठे म्हटलं?"

"खलास," साहेब म्हणाले. "कोपऱ्यात आता जितेश उभा राहील. तो माझ्याच व्हिसावर आहे."

सोहारवाल्यांनी तोवर दुसरा माणूस घेतला होता. भिकाजीने त्यांच्या खूप विनवण्या केल्या. मग अर्बाबने परतीचं तिकीट हातात ठेवलं.

विमानतळावर ललिता पाणी आणायला गेली तेव्हा भिकाजी त्या दिवसानंतर पहिल्यांदाच सदानंदशी बोलला.

"भावोजी, तायला काही सांगू नका."

"भिकाजी, ऐक तरी, मी..."

"तुमच्यासाठी नाय सांगत. तिला तुमच्याबरोबर जन्म काढायचाय."

तो आत गेला, मागे वळलाही नाही. परतताना गाडीत ललिता ढसाढसा रडली. मग डोळे पुसून तिने सदानंदच्या हातावर हात ठेवला.

"त्याच्या नशिबातच नव्हतं. तुम्ही तरी किती धडपडलात त्याच्यासाठी!"

"हो," सदानंद म्हणाला.