बांगड्यांचा साबण

“हात लावू नका मावशी, सांगून ठिवते!” मनकर्णाने मूठ आवळून छातीशी धरली.

सारामावशी साबणाची वडी घेऊन तशीच उभी राहिली. आता काय म्हणावं या पोरीला! नगरच्या त्या दवाखान्यात ऑपरेशनआधी बायकांच्या बांगड्या उतरवायचं काम वर्षानुवर्षं तिच्याकडेच होतं. पाणी, साबण आणि गोड बोलणं, एवढ्यावर तिचं भागायचं. पण ही पाथर्डीकडची दिवस भरलेली पोर अंगभर सुजली होती. काचेच्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या आणि प्रेशर असं चढलेलं, की डॉक्टरीणबाई दारातूनच ओरडून गेल्या होत्या, “फोडा त्या, मावशी! बाळाचे ठोके उतरतायत!”

“फोडल्या आन् त्यांना काय झालं म्हंजी?” मनकर्णा रडायला लागली. नवरा भीमा ऊसतोडीवर होता. सकाळी फोनवर ‘निघालो’ म्हणाला, त्यानंतर फोन लागेना. “जीपनं येत्यात ते. लई पळवत्यात जीपा.”

सारा दर रविवारी चर्चला जाणारी बाई. बांगडीत नवऱ्याचा जीव असतो, हे तिला कधी पटलं नव्हतं. पण तिचा नवरा जॉर्जही असाच ‘निघालो’ म्हणून सुप्याहून निघाला होता आणि घरी पोचलाच नव्हता.

“फोडत नाही गं बाई. अंगठा आत घे, हात ढिला सोड. आणि मनगट मोकळं ठेवत नाही, हे बघ.” कासार जुनी शेवटची बांगडी काढायच्या आधी नवी चढवतो, तसं तिने आधी बांगड्यांच्या वर बँडेजची पट्टी बांधली. मग भरपूर फेस केला. एकेक बांगडी सरकत निघाली, ती सारा रुमालात ठेवत गेली. शेवटची तेवढी राहिली, आणि साराच्या बोटांत कट्‌ असा आवाज झाला.

मनकर्णाने डोळे गच्च मिटले होते. “निघाल्या का समद्या?”

“निघाल्या हो. चल आता.” साराने तुकडे गुपचूप खिशात टाकले.

मुलगी झाली, खणखणीत रडली. मनकर्णा मात्र शुद्धीवर येईना. सारा दुपारभर जिन्याकडे बघत राहिली. खाली हॉर्न वाजला, की दचकायची. देवा, फुटली ती माझ्या हातून, त्याची शिक्षा त्या लेकराच्या बापाला नको. असं पुटपुटताना तिला स्वतःचीच लाज वाटत होती, तरी ती पुटपुटतच राहिली.

ऊन कलता कलता एक माणूस धापा टाकत जिना चढून आला. अंगाला उसाच्या पाचटाची कुसळं. “मनकर्णाचा मालक मी. कुठं हाय ती?”

साराला हुंदकाच फुटला. तिने रुमालातल्या बांगड्या आणि खिशातले तुकडे त्याच्यापुढे धरले. “एक माझ्या हातून फुटली, दादा.”

भीमाने तुकड्यांकडे पाहिलं. “तिला काच लागली का?”

“नाही.”

“मग ऱ्हाऊ द्या. डोळं उघडलं का तिनं?”

“अजून नाही. हात धू आणि जा, बस तिच्याजवळ.”

तो बेसिनपाशी गेला. साराच्याच वडीने कोपरापर्यंत हात घासू लागला. उसाचा काळा चिकटा सुटेना. पुन्हा पुन्हा फेस काढून एकदाचे हात स्वच्छ झाले. मग त्याने ती काळी पडलेली वडीही नळाखाली धरून धुतली, पांढरी झाल्यावर होती तिथे ठेवली आणि ओले हात पुढे धरून आत गेला.