ताकदीच्या गोळ्या

बाजाराच्या दिवशी तिसगावात महेंद्र डॉक्टरांच्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसे. बाकावर बायका, ओट्यावर म्हातारे, दाराबाहेर चपलांचा ढीग. आलेल्या प्रत्येकाला सुई हवी असे. डॉक्टरांनी नुसत्या गोळ्या दिल्या की पेशंटचा चेहरा पडे. भाजी घेतली आणि वर कोथिंबिरीची काडी मिळाली नाही, अशा नाराजीने तो बाहेर पडे.

त्या दिवशी मालनबाई मात्र आपला नंबर आला की शेजारच्या बाईला पुढे करत होती. "जा बाई तू. मला काय घाई न्हाई." असं करता करता दवाखाना रिकामा झाला, तेव्हा ती आपल्या पुष्पावतीला घेऊन आत गेली. पोरीला दोन महिने खोकला होता, अंग रोज संध्याकाळी तापायचं. डॉक्टरांनी थुंकी तपासायला नगरला पाठवली होती. तिचा कागद त्यांच्या समोरच पडला होता.

"मालनबाई, पोरीला टीबी आहे," डॉक्टर म्हणाले.

मालनबाईने आधी दाराकडे पाहिलं. बाहेर कोणी नव्हतं. मग तिने पोरीकडे पाहिलं.

"घाबरू नका. हा रोग बरा होतो, पक्का बरा होतो. पण नऊ महिने रोज गोळ्या खायच्या. एक दिवसाचा खाडा नको. महिन्या-दोन महिन्यांत अंगाला बाळसं चढेल, खोकला थांबेल, तरी सोडायच्या नाहीत. मध्येच सोडल्या तर रोग मुरतो, आणि मुरलेला रोग औषधाला दाद देत नाही. आणि हे बघ पुष्पा, या लाल कॅप्सूलने लघवी लाल होईल. भ्यायचं नाही."

"डाक्टर," मालनबाईचा आवाज खाली गेला, "पोरीचं लगीन ठरलंय. वैशाखातली तारीख धरलीय."

"मग ती पुढे ढकला. नाहीतर त्यांना खरं सांगा. दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही."

मालनबाईला मात्र तिसरा मार्ग दिसत होता. तो तिने डॉक्टरांना सांगितला नाही.

स्थळ देवळाली प्रवराकडचं होतं. उसाचं रान, बारमाही पाणी. मालनबाईचा जन्म डोक्यावर हंडे वाहण्यात गेला होता. लेकीच्या डोक्यावर हंडा येणार नाही, या एका गोष्टीसाठी ती आणि तिचा नवरा छगन वर्षभर पायताणं झिजवत होते. मुलगा गहिनीनाथ दहावी झालेला, निर्व्यसनी. असं स्थळ हातचं घालवायचं म्हणजे आलेल्या लक्ष्मीला लाथ मारायची!

"सांगून टाकू का त्यास्नी?" छगनने घरी एकदा विचारून पाहिलं.

"येडं का खुळं तुमी? सांगितलं तर हे मोडंल, आन् गावभर झालं की दुसरं येनार न्हाई. धाकटीलाबी कुनी इचारायचं न्हाई."

आपल्याकडे पोराचं दुखणं हे दुखणं असतं, पोरीचं दुखणं ही खोट असते. बाजारात बैल नेताना खोट झाकतात, तशी ती झाकायची. हे कोणी शिकवत नाही, आणि तरी प्रत्येक आईला ते येतं.

लग्नापर्यंत पुष्पावतीने आईच्या देखरेखीखाली गोळ्या खाल्ल्या. खोकला पळाला, गालांवर रंग आला. हळदीत बायका म्हणाल्या, "पोरगी लई उजळलीया गं!" मालनबाईने कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली आणि मनातल्या मनात डॉक्टरांचे पाय धरले. निम्म्याहून जास्त औषध मात्र अजून बाकी होतं.

पाठवणीच्या आदल्या दिवशी तिने सगळ्या गोळ्या पाकिटांतून सोडवल्या. जावई शिकलेला, पाकिटावरचं नाव वाचील ही भीती. लाल कॅप्सुला एका डबीत, पांढऱ्या गोळ्या दुसरीत, आणि दोन्ही डब्या शेंगदाण्याच्या लाडवांच्या डब्यात. पोरीला तिने कानात सांगितलं, "कुनी इचारलं तर म्हन, ताकदीच्या गोळ्या हायेत. डाक्टरनी दिल्यात. रोज खायाच्या, इसरायचं न्हाई."

"व्हय आई."

विहीणबाई भागिरथीबाईंनाही तिने हसत हसत तेच सांगितलं. "पोर जरा नाजूक हाय आमची. ताकदीच्या गोळ्या दिल्यात संगं."

भागिरथीबाई काही वाईट नव्हत्या. "आवं आमच्या घरी दूधदुभतं हाय, गोळ्या कशाला?" एवढंच त्या म्हणाल्या.

श्रावणात पुष्पावती पंचमीला माहेरी आली. जरा उतरल्यासारखी वाटली. नव्या नवरीला सासरी काम पडतंच, म्हणून मालनबाईने मनाची समजूत घातली. "गोळ्या खातीस ना गं?"

"खाते की." पोरीने मान वळवली. मालनबाईने आणखी गोळ्या डबीत भरून दिल्या.

स्वतः जाऊन पाहावं, तर ती सोय नव्हती. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही त्यांच्या घराची रीत. एकदा जाऊन आली ती उभ्या उभ्या. ओसरीवर टेकली, लेकीने पाणी पुढे केलं, ते हातानेच मागे सारलं आणि पुढची एस.टी. धरली. पोर दाराआड खोकल्यासारखी वाटली. पण विहीणबाई समोर, विचारणार कसं?

मग दिवाळी आली. पहिला दिवाळसण. पुष्पावती आधीच आलेली, आणि गहिनीनाथ पाडव्याला आला. नवे कपडे, जावयाचा मान, छगनची नुसती धावपळ. पण जावयाचं लक्ष जेवणात नव्हतं. शेवटी त्याने सासऱ्याला बाजूला घेतलं. "मामा, हितं चांगला डाक्टर हाय का? जरा दाखवायचंय. घरी बोलू नगा."

घरी बोलू नका म्हटलेली गोष्ट मालनबाईला कळली नाही, असं कधी झालं होतं का? जावयाला काय झालं या काळजीने तीही मागोमाग दवाखान्यात गेली आणि दाराच्या कडेला उभी राहिली.

सणामुळे गर्दी नव्हती. गहिनीनाथ खाली मान घालून म्हणाला, "डाक्टर, लघवीला लाल हुतंय. आगआग न्हाई, दुखत न्हाई, पन लाल. लई भ्या वाटतंय."

"उन्हाळी लागली आसंल," छगन मध्येच म्हणाला. "उसात राबतंय पोरगं."

डॉक्टरांनी विचारलं, "रोज होतं?"

"न्हाई. ताकदीची गोळी खाल्ली का त्या दिशी हुतं." गहिनीनाथने खिशातून कागदाची पुडी काढून टेबलावर सोडली. आत लाल कॅप्सूल होती. "मामींनीच दिल्यात, मंडळीसंगं. आई म्हन्ली, लाल हाय, रक्ताची आसंल, आधी कमावत्यानं खावी. पांढऱ्या आई खाती, गुडघ्यासाठी."

"आणि पुष्पा?"

"तिला देतो की उरली तर. ती काय मागत न्हाई कधी."

घरात काही चांगलंचुंगलं आलं तर ते सुनेने एकटीने खायचं नसतं, आधी पुरुषाला, मग सासूला, उरलं तर आपल्याला. पोरीला हे मालनबाईनेच शिकवलं होतं! पोर कोणत्या तोंडाने म्हणणार होती, की या गोळ्या माझ्या आहेत, मला द्या? आणि का, हे तर तिला सांगायचंच नव्हतं.

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं. "मालनबाई, तुम्ही सांगता का मी सांगू?"

सांगावं तर लेकीचा संसार मोडत होता, न सांगावं तर लेक जात होती. छगनने भिंतीकडे तोंड फिरवलं. तेव्हा डॉक्टरांनीच सांगितलं. हळू आवाजात, नीट समजावून. रोग बरा होतो हेही सांगितलं, दोनदा सांगितलं. गहिनीनाथने टीबी हा शब्द ऐकल्यानंतर पुढचं काही ऐकलं नाही.

तो घरी आला, पिशवी घेतली आणि चालू लागला. पुष्पावती उंबऱ्यात होती. "मी येऊ का?" तिने विचारलं. तो थांबला, तिच्याकडे पाहिलं आणि एस.टी.च्या रस्त्याला लागला.

आठवड्याभरात रुखवताची भांडी टेम्पोत भरून परत आली. लाडवांचा डबाही आला, घासूनपुसून.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. आता मालनबाई वेळच्या वेळी, आपल्या हाताने देत होती. पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. अर्धवट औषधाने रोग निर्ढावला होता. डॉक्टरांनी नगरला पाठवलं, मोठी औषधं आणवली, सुया दिल्या, आणि प्रत्येक वेळी मालनबाईशी बोलताना त्यांची नजर थोडी आणखी खाली गेली. पुष्पावती पडवीत खाटेवर पडून असे. एस.टी. गावात शिरली की तिचे डोळे रस्त्याकडे लागत.

"आई, त्यांनी इचारलंय का माझं?"

"इचारलंय बाळा. कामं हायेत, उरकली का येनार हाय," मालनबाई सांगे. अजूनही ती खोटंच बोलत होती. दुसरं देण्यासारखं तिच्याजवळ काही उरलं नव्हतं.

चैत्रात पुष्पावती गेली.

दहाव्याला भागिरथीबाई आल्या. कोणी बोलावलं नव्हतं. त्या मालनबाईजवळ बसल्या, पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बाई, मला खरं सांगितलं आसतं, तर मी माझ्या हातानं पोरीला गोळ्या चारल्या आसत्या."

हे खरं होतं का? का मेलेल्याच्या दारात बोलायची रीत म्हणून त्या बोलल्या? पोरीची भांडी परत पाठवताना तर त्यांनीच टेम्पो भरून दिला होता. मालनबाई पुढे कित्येक रात्री याच वाक्याशी झगडत राहिली. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. खरं सांगायची वेळ एकदाच आली होती, आणि तेव्हा तिने दाराकडे पाहिलं होतं.

लेकीची सेवा करता करता रोगाने मालनबाईलाही धरलं. डॉक्टरांनी तिच्या गोळ्या सुरू केल्या. ती आता बाजाराच्या दिवशीच येई, भर गर्दीत. आपला नंबर कुणाला देत नसे. गोळ्या हातात पडल्या की तिथेच बाकावर, सगळ्यांसमोर, माठातलं पाणी घेऊन लाल कॅप्सूल गिळे. कोणी विचारलं की सांगे, "टीबी हाय मला. औशिद खाल्लं का बरा हुतो." शेजारच्या बायका सरकून बसत. बाकावर तिला ऐसपैस जागा होई.

एका बाजाराला एक बाई डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आली. मागे तिची उपवर पोर, ओढणीत तोंड. बाईच्या हातात तीच लाल कॅप्सुलांची पाकिटं होती, पदराखाली घाईघाईने जाणारी. ती पोरीच्या कानाशी लागली, पण मालनबाईला ऐकू आलं. ते शब्द तिला कितीही हळू बोलले तरी ऐकू आले असते.

"कुनी इचारलं तर ताकदीच्या हायेत म्हन."

मालनबाई ताडकन उठली. "आवं बाई, आसं करू नगा! माझी लेक गेली वो ह्याच पायी. टीबी हाय म्हनून सांगा त्यास्नी. लगीन मोडलं तर मोडू द्या. पोर तर ऱ्हाईल!"

ती बाई पांढरी पडली. तिने चारी बाजूंना पाहिलं, मग नाकाला पदर लावला आणि पोरीचा दंड धरून तिला ओढतच पायऱ्या उतरू लागली. मालनबाई दारापर्यंत धावली. धाप लागली आणि चौकट धरून तिथेच थांबली.

रस्त्यावर पोरीने वळून पाहिलं.

"आई, त्या काय म्हन्ल्या?"

"काय न्हाई. येडी हाय ती. तू चल."